जरूर वाचावी

"अगं, दोनच पुस्तकं मिळतात ना माझ्या वर्गणीत? हे तिसरं कसलं काढतेस?"

रत्नाकाकू दारात उभ्या होत्या. चष्मा डोक्यावर, हाताला बेसन. मी ती हिरव्या कव्हराची कादंबरी त्यांच्या काखेत अक्षरशः कोंबली आणि म्हटलं, "ही जास्तीची. अण्णांची खास शिफारस आहे. चिठ्ठी बघा की आत."

अण्णा बोडस म्हणजे आमच्या घरपोच वाचनालयाचे मालक. कादंबरी आवडली की पहिल्या पानावर लाल शाईची चिठ्ठी डकवायची त्यांची रीत होती. 'जरूर वाचावी.' बस, दोन शब्द. या कादंबरीवर मात्र त्यांनी हात सैल सोडला होता. 'जरूर वाचावी. शेवट चटका लावतो.'

"कशावर आहे?" काकूंनी विचारलं.

"एका कुटुंबावर. जरा वेगळं कुटुंब आहे."

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे आई, बाप, पोरं असं सरळ नाही. दोन बायका एका घरात राहतात आणि मिळून एक मुलगी वाढवतात."

काकूंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. कव्हर बघितलं, मग मला बघितलं. "बरं. बघते," म्हणाल्या आणि भजी जळतील म्हणून आत पळाल्या. मी लुना सुरू केली आणि पुढचं घर सोडून भलत्याच गल्लीत शिरले.

त्याचं कारण सांगते. हे एक्क्याण्णव सालचं. मी तेवीस वर्षांची होते, मिरजेत लुनावर पुस्तकांच्या दोन पिशव्या लटकवून घरोघर फिरायचे. रत्नाकाकू मगदूम माझ्या गुरुवारच्या वर्गणीदार. मोठं वाचणारी बाई. लेखकाला उभं-आडवं झोडपायची, पण शेवटचं पान वाचल्याशिवाय झोडपायची नाही. चार वर्षं दर गुरुवारी त्यांच्या पायरीवर आमच्या गप्पा चालायच्या, आणि एके दिवशी त्यांनी ताक देता देता सांगून टाकलं, "त्रिशला, आमच्या भरतेशसाठी तुला बघायला येऊ का ग?"

भरतेश आयटीआयमध्ये शिकवायचा. मला आवडायचा. किती आवडायचा ते आता सांगायला लाज वाटते, मुलं मोठी झाली माझी. त्यांच्याकडची पुस्तकं बदलायला मी गुरुवारी पाच वाजता जायचे, कारण साडेपाचला त्याची सायकल यायची. झालं, यावरून समजून घ्या.

"घरी कोण कोण असतं?" काकूंनी तेव्हाच विचारलं होतं.

"आई, आणि एक मावशी आहे. आईची चुलत बहीण."

हे मी धडधडीत खोटं सांगितलं. आमच्या घरात मावशी कुणीच नव्हती. आमच्या घरात माई होती.

माझा बाप तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर. मिरजेत त्यानं माझ्या आईशी लग्न केलं. मी पोटात असताना निपाणीला देवळात माळ घालून इंदूशी दुसरं केलं. आणि मग, धन्य त्याची, दोघींनाही टाकून गुंटूरकडं तिसऱ्याच बाईकडे निघून गेला. मी दीड वर्षाची असताना इंदू त्याला शोधत ट्रंक घेऊन आमच्या दारात आली. भांडायलाच आली होती. आईनं दार उघडलं, तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तो इथं नाही. भाकरी खाल्लीस का?"

ती जी आत आली ती आलीच, माझी माई झाली. बाप दोघींना सोडून गेला आणि दोघी एकमेकींना धरून राहिल्या. एका शिवणयंत्राची दोन झाली. अर्ध्या मिरजेच्या शाळांचे गणवेश आमच्या घरातून शिवून जायचे. आई कापायची आणि खडसावायची, माई शिवायची आणि लाड करायची. मला लहानपणी वाटायचं की सगळ्याच घरात असं असतं. पहिलीत गेल्यावर कळलं की नसतं.

शेजारपाजारी काय बोलायचे ते काही माझ्या कानावर येत नव्हतं असं नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आता ती मूठ रत्नाकाकूंसमोर उघडायची वेळ आली होती, कारण पुढच्या गुरुवारनंतरच्या रविवारी ते लोक आमच्याकडे येणार होते. काकू, भरतेश आणि काकूंचे थोरले दीर बाबगोंडा. काकूंचे यजमान वारल्यापासून घरात त्या दिरांचा शब्द चालायचा. खरं सांगावं तर लग्न मोडेल. न सांगावं तर लग्नानंतर कळेल आणि मला बोलणी बसतील. माझं डोकं भणभणत होतं.

अशात ती कादंबरी हाती आली. मी घरी आणून दोन दुपारी संपवली. त्यातल्या दोन बायका म्हणजे आमचंच घर, फक्त गाव दुसरं. शेवटी मुलीचं लग्न ठरतं आणि दोघींपैकी एक जण चुपचाप घर सोडून जाते, मुलगी सुखानं सासरी नांदते. मी ढसाढसा रडले. कादंबरी यंत्रावर टाकून दिली, ती तीन-चार दिवस तिथंच पडून होती. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. ही कादंबरीच काकूंना द्यायची! वाचून काकू काय म्हणतात ते बघायचं. त्या बायकांना नावं ठेवली तर तोंड बंद ठेवायचं. हळहळल्या तर खरं सांगून टाकायचं. स्वतःला मी फार हुशार समजत होते तेव्हा.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. शनिवारी मी ज्योतिषाचं पुस्तक मागणाऱ्या डॉक्टरांना पाककृतींचं दिलं. सोमवारी लुना पेट्रोल संपून कृष्णाघाटाच्या रस्त्यावर बंद पडली. घरी माईही का कुणास ठाऊक, बावरल्यासारखी वागत होती. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावून बसली. आई करवादली, "अगं, पोरगं डाव्या अंगाचंच आहे का ते?" माई हसली नाही. एरवी ती हसायचं निमित्तच शोधायची. पण माझं लक्ष कुठं होतं? मला फक्त गुरुवार दिसत होता.

गुरुवारी पाचपर्यंत थांबवेना. साडेअकरालाच काकूंच्या दारात गेले. काकू कुकर लावत होत्या. आतूनच ओरडल्या, "पुस्तकं कट्ट्यावर ठेवलीत बघ. ती हिरवी पण वाचली. बोलू मग, आता हात गुंतलेत."

बोलू मग! मी पायरीवरच बसले आणि कादंबरी उघडली. वाचणारे लोक पुस्तकात रेघा मारतात, शेरे मारतात, हे रोजचं होतं. 'भिकार', 'असं कधी घडतं का', 'सहमत'. पुस्तक परत आलं की मी आधी तेच वाचायचे. त्यावरून माणूस कळतं.

या पुस्तकात शेरा एकही नव्हता. पण पेन्सिलीच्या रेघा होत्या, तीन ठिकाणी. पहिली या वाक्याखाली: 'तिच्या येण्यानं त्या घराला कधी धड नाव मिळालं नाही.' दुसरी: 'लोक पोरीला काही म्हणत नसत, म्हणून तर पोरीला जास्त लागत असे.' आणि तिसरी, दोनदा गिरवलेली: 'मुलगी बोहल्यावर चढण्याआधी दोघींपैकी एकीनं उंबरा ओलांडायला हवा, हे दोघींनाही कळत होतं.'

मी पुस्तक फाडकन मिटलं. म्हणजे काकूंना सगळं माहीत होतं! आणि तोंडानं सांगायच्या ऐवजी बाईनं पेन्सिलीनं अट घातली होती. एकीला घालवा, मग आम्ही येतो. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी पुढची दोन घरं केली. काय दिलं, काय घेतलं, काही आठवत नाही. तिसऱ्या घराच्या दारातून लुना वळवली. मला राग आला ना, की तो उतरेपर्यंत मला पाणीसुद्धा गोड लागत नाही. तडक काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

"काकू, तुमच्या अटीचं उत्तर देऊन जाते. आमच्या घरातून कुणीही उंबरा ओलांडणार नाही. तुम्ही रविवारी येऊ नका."

काकूंच्या हातात ताटली होती, ती तशीच राहिली. "कसली अट ग?"

"ही." मी पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. मग त्यांना माझ्यापेक्षा जास्त राग आला. "वाचनालयाच्या पुस्तकावर रेघ मारणारी बाई वाटले मी तुला? चार वर्षांत एक तरी रेघ बघितलीस माझी? मला आलं तेव्हाच रेघा होत्या यात. म्हटलं, असेल कुणी येडं, नेमक्या फालतू वाक्यांवर रेघा मारणारं."

"पण ही कॉपी नवी आहे. अण्णांनंतर मीच वाचलीय पहिल्यांदा."

"मग तू मारल्या असशील."

"मी नाही मारल्या!"

काकूंनी पुस्तक खिडकीपाशी नेलं. "इकडं ये. ही रेघ बघ. सलग आहे का? तुटक आहे. एवढी रेघ, मग एवढी जागा सोडलेली, परत एवढी रेघ. सगळी सारख्या मापाची. वाचणारा माणूस अशी रेघ मारतो का कधी? ही शिवणाऱ्या बाईची रेघ आहे. टीप कुठून घालायची ते कापडावर असंच आखतात."

तीन-चार दिवस यंत्रावर पडलेलं पुस्तक. सातवी शिकलेली, ओळीखाली बोट फिरवत वाचणारी माई.

"तुझी ती मावशी शिवते ना?" काकूंनी विचारलं. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "त्रिशला, मिरज केवढंसं आहे ग? पोराला मुलगी बघताना मी चौकशी केली नसेल होय? मला तुझ्या माईचं नाव, गाव, सगळं माहीत आहे. तू कधी सांगतेस ते बघत होते. तू सांगायच्या ऐवजी कादंबरी दिलीस."

"तुम्हाला चालतं?" मी विचारलं.

"मला चालतं. पोरालाही. पण दिरांना नाही चालायचं, ते तू ओळखतेस. म्हणून रविवारी ती मावशीच राहू दे. लग्न होईतोवर. मग मी बघून घेते एकेकाला."

त्या वेळी मला काकूंच्या पाया पडावंसं वाटलं. एवढी सोपी वाट! पण ती तुटक रेघ डोळ्यांपुढून हलेना. लुना हाणत घरी आले तर आई एकटीच कापड कापत बसली होती. माईचं यंत्र झाकून ठेवलेलं. भर दुपारी ते झाकलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"माई कुठाय?"

"निपाणीला. भावाचं बरं नाही म्हणे. दीडची गाडी पकडते म्हणून गेली. आठ दिवसांनी येईल." आईनं मान वर केली नाही. "काय मेलं टायमिंग. रविवारी पाहुणे, आणि ही चालली."

मी पुस्तक आईच्या पुढ्यात ठेवलं. तिसरी रेघ दाखवली. आईनं वाचलं, परत वाचलं, मग पानं उलटून शेवट वाचला. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"कुणी लिहिलंय हे? लिहायच्या आधी एका तरी बाईला विचारायचं होतं मेल्यानं." कात्री खाली टाकून ती उठली. "लुना काढ."

माझी आई जन्मात लुनावर बसली नव्हती. पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन, मला मागून गच्च आवळून, सगळ्या वाटेनं ती गाडीला, रस्त्याला आणि त्या लेखकाला शिव्या घालत होती. स्टँडवर निपाणीची गाडी लागलेली होती. माई मधल्या बाकावर खिडकीशी बसलेली. मांडीवर ट्रंक. आठ दिवसांसाठी कुणी ट्रंक नेतं का?

मी आत चढले. "माई, उतर."

"भावाचं बरं न्हाई ग. जाऊन येतो मी." निपाणीकडच्या बायका बोलतात तसंच ती बोलायची, जातो, येतो.

"खोटं बोलू नकोस. तू पुस्तकात रेघा मारल्यास."

माई ट्रंकेच्या कडीशी चाळा करत बसली. मग अगदी सहज म्हणाली, "तूच म्हणालीस की, पाहुणे आल्यावर आतल्या खोलीत बस. मी जरा आणखी आतल्या खोलीत जातो, एवढंच."

हे मी तुम्हाला आतापर्यंत सांगितलं नाही. सांगवत नव्हतं. ज्या दिवशी रविवार ठरला त्याच दिवशी मी माईला म्हटलं होतं, "तू त्या दिवशी आतच थांब हं, बाहेर येऊ नकोस." केसांना तेल लावून घेता घेता म्हटलं होतं, तिच्याच हातून. ती म्हणाली होती, "बरं बाई." आणि वेणी घातली होती. मी विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती.

मी तिच्या ट्रंकेची कडी धरली. नुसती रडत उभी राहिले. तेवढ्यात आई धापा टाकत गाडीत चढली, मला बाजूला सारून माईशेजारी बसली आणि कंडक्टरला म्हणाली, "दोन निपाणी."

"अगं, तू कुठं?" माई दचकली.

"तुझ्या भावाचं बरं नाही ना? बघून येते मीही."

"येड लागलं का? रविवारी पोरीला बघायला यायचे हाईत."

"येऊ देत. ही आहे की घरात. पोहे येतात तिला."

"आक्का, असं करू नगं. पोरीचं जमतंय, माझ्यापायी मोडंल. तिला चांगलं घर मिळतंय."

"मिळू दे ना! हे नाही तर दुसरं मिळेल. चार घरं बघेल, पाचवं मिळेल." आईचा आवाज एवढा चढला की पुढचे लोक वळून बघायला लागले. "आणि मला? बावीस वर्षांनी मला दुसरी तू कुठून मिळणार आहेस ग? का ते पण कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

माझ्या आईला मी कधी रडताना बघितलं नव्हतं. बाप गेला त्याबद्दल बोलतानाही ती दात ओठ खाऊन हसायची. त्या एसटीत ती पदर तोंडाला लावून रडली, आणि माई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दोघींपुढे उभी. त्यांच्या घरात मी वाढले, इतके दिवस मला वाटत होतं ते घर माझ्यासाठी आहे. माझ्यासाठी होतंच. पण ते आधी त्यांचं होतं, आणि मी त्यातलं माणूस न विचारता आत ढकलत होते.

"ओ बाई, जायचंय का उतरायचंय?" कंडक्टरनं दोरी हातात धरली होती. "रडायचं तर घरी जाऊन रडा."

"बरोबर आहे," आई नाक पुसत म्हणाली. "चल ग इंदू. घरी जाऊन रडू."

आम्हा तिघींच्या आणि एका ट्रंकेच्या ओझ्यानं लुना स्टँडच्या फाटकातच बसली. आम्ही ती ढकलत घरी आलो.

रविवारी मगदूम मंडळी बरोबर चारला आली. मी बिनकांद्याचे पोहे केले होते, वर खोबरं पेरलं होतं. पोह्यांच्या बशा माईनं बाहेर आणल्या. आणायच्याच, असं मी तिला शपथ घालून सांगितलं होतं. आई समोर बसली होती. भरतेश खाली बघून चमच्याशी खेळत होता. रत्नाकाकूंनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, म्हणजे ठरल्याप्रमाणे हं.

बाबगोंडा काकांनी बशी घेता घेता विचारलं, "आणि या कोण म्हणायच्या?"

आई बोलायला गेली. मी तिच्या आधी बोलले.

"ही माझी माई. माझ्या वडिलांची दुसरी बायको. ते दोघींना सोडून गेले. या दोघींनी मला वाढवलं."

माईच्या हातातली बशी तिरकी झाली आणि थोडे पोहे सतरंजीवर सांडले. ते गोळा करायलाही कुणी वाकलं नाही. भरतेशनं वर बघितलं, पहिल्यांदाच, आणि सरळ माझ्याकडे. काका मात्र एवढा वेळ धरलेली बशी खाली ठेवून उठले. टोपी घातली. धोतराचा सोगा सावरला.

"चला वहिनी," ते म्हणाले.

रत्नाकाकू उठल्या नाहीत. त्यांनी आपली बशी माईपुढे केली, "थोडे घाला अजून," म्हणाल्या, आणि दिरांकडे न बघताच सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे, भावजी. माझा चहा व्हायचाय."